अकरावी टेस्ट करू नकोस

एचआयव्हीच्या टेस्टचे दहा रिपोर्ट. प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले, दहाही नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. आणि अकराव्या टेस्टसाठी एक मुलगा आज माझ्याकडे लोकलमधून उभ्याने आला होता. (त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) जोखमीचा प्रसंग एकच, तोही १४ महिन्यांपूर्वीचा. बोलताना त्याचा अंगठा सारखा जबड्याखालच्या गाठीवर जात होता. याआधीच्या लॅबमध्ये काउंटरवरचा माणूस त्याला म्हणाला होता, "मनाच्या समाधानासाठी एक पीसीआर पण करून टाका." (पीसीआर म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणारी टेस्ट.)

या एका वाक्यावर मी सकाळपासून चिडले आहे. समाधान? अहो, रिपोर्ट हातात आला की चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी नवी शंका उभी राहते. त्याच्या शंका क्रमाने ऐका. आधी विंडो पिरियड, म्हणजे लागण होऊनही टेस्टमध्ये न दिसण्याचा काळ, संपला नसेल. मग किट जुनं असेल. मग नमुना अदलाबदल झाला असेल. मग माझं शरीर अँटिबॉडीच, म्हणजे विषाणूविरुद्धची प्रथिनंच, बनवत नसेल. आणि आता, सातव्या टेस्टच्या वेळी सुई नवी होती का? म्हणजे ज्या टेस्टने भीती जायची, तीच आता भीतीचं कारण झाली आहे. अशा माणसाला आणखी एक टेस्ट विकणं हा गुन्हा आहे असं मला वाटतं, कायद्यात बसो न बसो.

टेस्टचं गणित सरळ आहे. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली फोर्थ जनरेशन टेस्ट विषाणूचा पी-२४ अँटिजेन (त्याचं स्वतःचं एक प्रथिन) आणि अँटिबॉडी दोन्ही शोधते. प्रसंगानंतर ४५ दिवस झाले असतील तर तिचा निगेटिव्ह निकाल पक्का धरतात. बोटाच्या थेंबावरच्या रॅपिड किटसाठी ९० दिवस धरा. हो, ७२ तासांच्या आत पीईपीच्या (प्रसंगानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या) गोळ्या सुरू केल्या असतील तर २८ दिवसांचा कोर्स संपल्यापासून मोजायचं. आणि नवा प्रसंग घडला तर नव्याने टेस्ट करायचीच, ते मान्य. पण जुन्याच प्रसंगासाठी अकरावी टेस्ट? त्यातून नवीन काहीच कळत नाही.

उलट धोका वाढतो, आणि हे कोणी सांगत नाही. कोणतंही किट कधीतरी चुकून रिॲक्टिव्ह दाखवतं. म्हणून तर सरकारी केंद्रात पहिलं किट रिॲक्टिव्ह आलं तरी आणखी दोन वेगळ्या किटवर खात्री केल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. जितक्या टेस्ट, जितकी वेगवेगळी किटं, तितकी असा खोटा निकाल हाती पडायची शक्यता जास्त. घरी किट आणणारे आणखी एक करतात. सांगितलेली वेळ उलटून गेल्यावर तासाभराने पट्टी पुन्हा मोबाइलच्या टॉर्चखाली धरतात. वाळताना कधीकधी पुसट रेघ उमटते, तिला अर्थ नसतो, पण ती रात्र गेलीच म्हणून समजा.

आणि ती गाठ. दिवसातून तीस वेळा दाबाल तर ती दुखणारच. घाम, जुलाब, धडधड हे सगळं भीतीनेही होतं, जेवण तुटलं की वजनही उतरतं. एचआयव्हीचा सुरुवातीचा ताप, पुरळ, घसादुखी साधारण दोन ते चार आठवड्यांत येते आणि आपोआप जाते. १४ महिन्यांनंतरची लक्षणं एचआयव्हीची असती, तर टेस्ट केव्हाच रिॲक्टिव्ह आली असती.

आता "मनातून काढून टाक" म्हणणाऱ्यांकडे वळते. तुमचा हेतू चांगला असेल, पण या सल्ल्याने काडीचा उपयोग होत नाही. हा चिंतेचा आजार आहे, बऱ्याचदा ओसीडी (तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार), आणि त्याला उपचार आहेत. शेवटच्या प्रसंगाची तारीख, टेस्टची तारीख आणि टेस्टचा प्रकार एका कागदावर लिहा, डॉक्टरांकडून एकदाच तपासून घ्या आणि फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्या. टेस्टची, गूगलची, गाठ दाबायची हुक्की आली की १५ मिनिटं थांबा. जमलं की अर्धा तास, मग एक तास. पहिला आठवडा भीती वाढते. इथेच बहुतेक जण सोडतात, कारण त्यांना वाटतं उपाय उलटला. दुसरी चूक म्हणजे टेस्ट बंद होते, पण जीभ आरशात बघणं सुरू होतं, वजनकाटा सुरू होतो, रात्री दोनला चॅटबॉटला तोच प्रश्न विचारणं सुरू होतं. तीही टेस्टच. तीही थांबवायची.

घरच्यांनी "काही नाही झालं रे तुला" हे दिवसातून दहा वेळा म्हणणं बंद करा. कठोर वाटेल. "हा प्रश्न भीती विचारतेय, मी उत्तर देणार नाही, चल चहा घेऊ," एवढंच म्हणा आणि खरंच चहा घ्या.

गोळ्या लागल्या तर लाजू नका. एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, ओसीडीत आठ ते बारा. सुरुवातीला मळमळ, पातळ शौच, रात्री घाम येऊ शकतो, आणि हीच माणसं त्यालाच एचआयव्हीची लक्षणं समजून गोळ्या टाकून देतात. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मुंबईत केईएम, नायर, सायन या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. एचआयव्हीबद्दलच्या शंकांसाठी १०९७ ही हेल्पलाइन आहे, पण रोज नाही, एकदाच.

लिहिता लिहिता राग उतरलाय. तो मुलगा बसला होता त्याच बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, कितीतरी वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर असलेल्या. दिवसाला एक गोळी, तीही मोफत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) इतका कमी की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. त्यांच्याशेजारी तो पोरगा थरथरत होता. खोलात गेलं तर त्याची भीती विषाणूची कमीच होती. "बाबांना कळलं तर" हे त्याने चार वेळा म्हटलं. आपल्या घरांत या विषयावर बोलायची सोयच नाही, मग अपराधी वाटणं कुठून तरी बाहेर पडणार. त्याचं ते रक्त तपासून जाणार नाही.

आज त्याने रक्त दिलं नाही. मंगळवारी मानसोपचाराच्या ओपीडीत जाणार आहे. निघताना विचारलं, "मॅडम, तोपर्यंत गाठ दाबली गेली तर?"

दाबली तर वेळ लिहून ठेव, बाळा, म्हटलं. बुधवारी वही घेऊन ये.