कळ्या मोजणारं गिऱ्हाईक

एकटीने उकडीच्या मोदकांचा घरगुती धंदा करायचा तर तीन गोष्टी लागतात: मोदकपात्र, आंबेमोहोर तांदळाची पिठी आणि कळ्या, म्हणजे मोदकाच्या चुण्या, काढायची हौस. पहिल्या दोन बाजारात मिळतात. तिसरी किती उरली आहे, हे मोदकावरच दिसतं. पहिल्याला 21 कळ्या पडतात, तिसाव्याला 15, ऐंशीव्याला कशाबशा 9. शंभरावा मोदक म्हणजे नाक आलेला बटाटेवडा. आणि गिऱ्हाईक कळ्या मोजतं हो!

हौसेला गणित कळत नाही, म्हणून ते मीच सांगते. उकडीची पारी, म्हणजे पातळ वाटी, करून, सारण भरून, कळ्या काढून टोक जुळवायला दीड मिनिट. 200 मोदक म्हणजे पाच तास, आणि ही नुसती वळणी. त्याआधी पंधराएक नारळ फोडून खोवायचे. त्यात "वहिनी, आमचे फक्त 11 हो, त्यात काय!" असं म्हणणारी सात घरं निघाली, की 77 मोदक आणि जवळजवळ दोन तास "त्यात काय"मध्ये गेले.

कंटाळा सगळ्यात आधी उकडीला कळतो. यात अध्यात्म काही नाही. जेवढी पिठी तेवढंच पाणी, त्यात मीठ नि चमचाभर लोणी. खळखळून उकळी आली की पिठी घालून ढवळायची आणि मंद आचेवर झाकण ठेवून दोन वाफा काढायच्या. पुढचं काम हाताचं. उकड गरम असतानाच, चटके सोसत, मऊसूत होईपर्यंत मळायची. वैतागलेला हात तीन मिनिटं आधीच थांबतो आणि पारीच्या कडा चिरतात. तांदूळ जुना असेल तर पाणी जास्त पितो, तेव्हा शेजारी कोमट पाण्याची वाटी हवीच.

नेमका याच वेळी फोन वाजतो. तुपाचं बोट फोनला ओळखू येत नाही. हात पुसून बघावं तर मेसेज एका शब्दाचा: "रेट?" उत्तर देईस्तोवर उकड गार.

सारणही असंच मानी. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. घाईने उतरवलं तर ओलं राहतं, पारी तळाशी भिजते आणि मोदक वाफेत फुटतो. जास्त आटवलं तर गार झाल्यावर चिक्की. वेलची शेवटी, आच बंद केल्यावर. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवायचे, 10 ते 12 मिनिटं वाफवायचे. गरमागरम डब्यात कोंबून झाकण लावलं, तर आतल्या वाफेचं पाणी होऊन सगळे मोदक एकमेकांच्या गळ्यात पडतात.

पैसे आले का बघणं, लेबलवर 14 अंकी परवाना क्रमांक छापणं, डबा आडवा धरू नका म्हणून विनवणं, यात मला कधीच गोडी वाटली नाही आणि वाटेल असंही नाही. म्हणून वळणीतली मजा तरी सांभाळावी लागते. रोजचे 60, अंगारकीला 100. त्यावर तळणीचे घ्या. ते आदल्या दिवशी करता येतात आणि टिकतात. उकडीच्या एकसष्टाव्या मोदकाला मी गोड आवाजात नाही म्हणते. गिऱ्हाईक रुसतं, पण ज्यांना मिळतात त्यांच्या कळ्या पुऱ्या भरतात.

शेवटी उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर घालून निवगऱ्या थापते. चपट्या, वाकड्या, बोटांच्या ठशांसकट. त्यांना कळ्या नाहीत, मोजणी नाही, डबा नाही. वाफवून वर तूप घालायचं आणि ओट्याशीच उभ्याने खायच्या. दिवसभरातलं एवढंच काम कुणाच्या ऑर्डरीशिवायचं. हौसेने एक फोटो काढून स्टेटसला टाकला. पहिली निवगरी तोंडात, तोच फोन वाजला.

"वहिनी, निवगऱ्यांचा रेट?"