ऑस्गिलियाथ नक्की कुणी बुडवलं?

हरवलेली राजधानी म्हटल्यावर जो गोंडोलिन सोडून दुसरं नाव घेतो त्याला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टॉल्किन कळलाच नाही, असं मंद्यानं जाहीर केलं आणि कट्ट्यावर आयपीएलचा विषय तिथंच मेला.

मंद्याची बाजू तशी भक्कम. डोंगरांच्या कड्यात दडवलेलं एल्फांचं शहर, वाटेत एकामागं एक सात दरवाजे, बांधायला पन्नासेक वर्षं. आणि शेवटी फितूर कोण, तर राजा टर्गॉनचा सख्खा भाचा मेग्लिन. टॉल्किननं ही कथा लिहिली १९१६-१७ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या रणांगणातून आजारी होऊन परतल्यावर. त्या आगीचा धूर तिच्यात आहे, हे मंद्याचं म्हणणं मलाही पटतं.

"पण ते हरवलं कुठं? ते तर जाळलं," पक्या म्हणाला. "राजधानी हरवणं म्हणजे काय ते बघायचं तर माणसांच्या गोंडोर राज्याचं ऑस्गिलियाथ बघ."

"ते पडकं? गोंडोरचा फॅरामिर त्या अंगठीवाल्या फ्रोडोला घेऊन जातो ते?"

"सिनेमात नेतो. पुस्तकात फ्रोडो तिथं पाऊलही टाकत नाही."

हे ऐकून शिल्पा पुढं सरकली. आमच्यात पुस्तकामागची परिशिष्टं वाचणारी ती एकटीच, आणि न वाचता बोलणाऱ्यांवर तिचा जुना राग. "पडकं आत्ता रे. आधी काय होतं माहितीये? आंदुइन नदीच्या दोन्ही काठांवर शहर. मधे एवढा मोठा दगडी पूल की त्याच्यावरच घरं आणि बुरूज. समुद्रातली उंच जहाजं थेट शहराच्या धक्क्याला लागायची. गोंडोरचे पहिले राजे इसिल्दुर आणि अनारिऑन, दोघा भावांची सिंहासनं एकाच दालनात शेजारी-शेजारी. आणि ताऱ्यांच्या घुमटाखाली पालान्तीर, म्हणजे दूरचं दाखवणारा जादूचा दगड, तसल्या सगळ्या दगडांत मोठा."

"मग ऑर्कांनी घेतलं, त्या राक्षसी फौजेनं," मंद्या.

"ऑर्क २४७५ साली आले. टॉल्किनच्या जगातल्या तिसऱ्या युगाच्या. तोवर राजघराणं तिथून हलून आठशे पस्तीस वर्षं झाली होती!"

इथं मंद्या पहिल्यांदा गप्प बसला. खरंच, मॉर्डॉर या शत्रूच्या मुलखातल्या उरुकांनी, म्हणजे दांडग्या ऑर्कांनी, येऊन पूल तोडला हे सगळ्यांना आठवतं, पण त्या पुलावरून जायला तेव्हा माणसं उरली होतीच किती?

शिल्पानं मग सगळं सांगितलं. राजा वालाकारनं उत्तरेकडच्या लोकांतली राणी केली, विदुमावी. मुलगा एल्दाकार. बापामागं तो गादीवर बसला तेव्हा दरबारातल्या बड्या घराण्यांची कुरकुर सुरू झाली: परक्या रक्तानं राजवंशाचं आयुष्य घटणार. नौदलाचा सेनापती कास्तामिर त्या कुरकुरीवर स्वार झाला. १४३७ साली त्यानं ऑस्गिलियाथला वेढा घातला, शहर पेटवलं. घुमट कोसळला, पालान्तीर आंदुइनच्या पाण्यात गेला. एल्दाकार निसटला, पण त्याचा थोरला मुलगा ओर्नेन्दिल हाती लागला आणि त्याला ठार केलं. कास्तामिरला राजधानी तशीही पेलार्गिर बंदराला हलवायची होती, कारण त्याचा जीव जहाजांत. दहा वर्षांनी एल्दाकारनं परत येऊन त्याला मारलं. गादी परत मिळाली, घुमट काही परत आला नाही.

"मग १६३६ ची साथ," पक्यानं जोडलं. "पूर्वेकडच्या वाऱ्याबरोबर आलेली. राजा तेलेम्नार गेला, त्याची सगळी मुलं गेली. पांढरा वृक्षसुद्धा वाळला. आणि पुतण्या तारोन्दोर १६४० मध्ये कायमचा मिनास आनोर या दुसऱ्या शहराला निघून गेला."

"म्हणजे तुघलक!" मंद्याला एकदम जोर आला. "दिल्ली उठवून देवगिरीला नेली तसं."

हे ऐकायला भारी वाटतं, पण बसत नाही, आणि मी तसं म्हटलंही. तुघलकानं नांदती दिल्ली हलवली आणि पुढं बेत फसल्यावर परत फिरला. तारोन्दोरच्या हातात हलवण्यासारखं काय होतं? जे साथीच्या भीतीनं इथिलियन प्रांतात नाहीतर पश्चिमेकडच्या दऱ्यांत पळाले होते, त्यांतले फार थोडे परतले. रिकाम्या गल्ल्यांवर राज्य करायचं की भिंत धड असलेल्या गावात जायचं? त्यानं एकशे बासष्ट वर्षं गादी सांभाळली, गोंडोरच्या कुठल्याही राजापेक्षा जास्त, आणि ती बहुतेक घर सावरण्यातच गेली. मला तरी तो भित्रा वाटत नाही.

"पण त्याच काळात मॉर्डॉरच्या खिंडींवरचे पहारे उठले ना!" मंद्या हट्टाला पेटला. "किल्ले ओस. म्हणून तर २००२ ला मॉर्डॉरच्या तोंडावरचं मिनास इथिल शत्रूच्या हाती गेलं."

मुद्दा बरोबर होता. मात्र पहाऱ्याला माणसं उरली नव्हती, त्याचा दोष साथीचा. आणि साथीआधी शहराचं कंबरडं मोडलेलंच होतं, ते मोडणारा कास्तामिर. माझं मत तेच.

मंद्या हसला. "म्हणजे शेवटी माझंच! घरभेद्याशिवाय शहर पडत नाही. तिकडं मेग्लिन, इकडं कास्तामिर."

"नाही," शिल्पा लगेच म्हणाली. "मेग्लिन एकटा होता. त्याला गोंडोलिनच्या वैऱ्यानं, मॉर्गॉथनं, पकडून धमकावलं होतं, परत आल्यावर तो गुपचूप वावरला. कास्तामिरनं लपवलं काय? पेलार्गिर, उंबार ही बंदरं, सगळा किनारा त्याच्या मागं उभा होता. त्याला घरभेद्या म्हणायचं तर अख्खं आरमार घरभेदी म्हणावं लागेल."

"मग म्हणूया की," मंद्या म्हणाला, आणि पक्यानं कपाळावर हात मारला.