गॅरेजमधल्या डर्ट बाइकचा विमा: तुमच्या आक्षेपाला उत्तर

"मातीत, कच्च्या वाटांवर चालवायची ही डर्ट बाइक रस्त्यावर जातच नाही, मग मोटार विमा कशाला? चोरी-आग झालीच तर घराचा विमा आहे," असं तुमचं म्हणणं, आणि मी एजंटांची तळी उचलतो असाही आरोप. पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण घराच्या विम्यावर विसंबलात तर नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) मागतं ते सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरण्यासाठी. कुलूपबंद गॅरेजात उभ्या गाडीला तो लागत नाही, हे मान्य. पण कायद्यात सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही वाट त्यात येते, म्हणजे गावची पाणंदसुद्धा. तिथे कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून.

आता घराचा विमा. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कव्हर आपोआप मिळतं. त्यात बाइकही आली असं लोक धरून चालतात. वगळलेल्या वस्तूंची यादी वाचा: रोख रकमेच्या शेजारीच वाहनं आहेत, पॉलिसीत वेगळी नोंद असेल तरच ती धरतात. शिवाय चोरीचं कव्हर आग-पुरासारख्या घटनेमुळे, त्यानंतरच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरतंच. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तिथे जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच धरलं. शटर उघडं राहिलं आणि बाइक गेली, तर दावा तिथेच अडतो. 

हिरो एक्सपल्ससारखी आरटीओ नोंदणीची बाइक असेल तर मार्ग सोपा आहे. ती महिनोन्महिने उभीच राहणार असेल तर 'गॅरेजमध्ये बंद, वापरात नाही' अशा गाडीसाठी फक्त आग आणि चोरीचं कव्हर मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर-अटींच्या जुन्या नियमावलीत, आहे. कंपनीकडे ते नाव घेऊन मागा. हँडगार्ड, बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक पट्टी), जादा दिवे किमतीसह नोंदवा. तरीही नुसती अ‍ॅक्सेसरी चोरीला गेली आणि बाइक जागेवर राहिली, तर साध्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. शर्यत आणि वेगचाचणी कव्हरबाहेरच. दोन्ही चाव्या जपा, दाव्याच्या वेळी त्या मागतात.

खरी अडचण कावासाकी केएलएक्स १४० जीसारख्या, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नसलेल्या बाइकची. तिला नेहमीची मोटार पॉलिसी मिळत नाही. घराच्या किंवा घरफोडीच्या पॉलिसीत ती नावानिशी घालून घ्यायची: मॉडेल, इंजिन आणि चासी नंबर, किंमत. सोबत मूळ बिल, आयात केलेली असेल तर कस्टम्सची कागदपत्रं, आणि चासी नंबर दिसेल असा फोटो. कंपनी नाही म्हणाली तर तेही लेखी घ्या आणि दुसरीकडे विचारा. एजंटने फोनवर दिलेला होकार दाव्यात चालत नाही; एन्डॉर्समेंटच्या (पॉलिसीला जोडलेल्या जादा नोंदीच्या) कागदावर चासी नंबर छापून आला आहे ना, एवढं अंक जुळवून तपासा.