वारूळ दिसलं म्हणून बोअर मारू नका

उन्हाळा लागला की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘वारूळ तिथे पाणी, वराहमिहिराने सांगून ठेवलंय. वाळवी जिवंत झऱ्यापर्यंत उतरते. वारुळाशेजारी बोअर घ्या, वारूळ फोडून माती शेतात टाका, फुकटचं खत आहे. उरलेली वाळवी औषध ओतून मारा.’ वाळवीचा पाण्याशी संबंध आहे, पण या मेसेजमध्ये आहे तो नव्हे.

आधी वराहमिहिर, म्हणजे सहाव्या शतकातला ज्योतिषी. त्याच्या ‘बृहत्संहिते’च्या दकार्गल, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधण्याच्या अध्यायात वारूळ वारंवार येतं, हे खरं. पण सहसा त्यासोबत ठरावीक झाड, दिशा आणि खोलीही येते. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी, असा तो हिशोब. एक पुरुष म्हणजे 120 अंगुळं, साधारण साडेसात फूट. दोन पुरुष झाले पंधरा फूट, म्हणजे आडाची खोली. त्यावरून तीनशे फुटी बोअरचा पॉइंट काढता येत नाही.

‘वाळवी झऱ्यापर्यंत उतरते.’ वाळवीची कातडी पातळ असते, कोरड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून वारुळात दमट हवा लागते आणि त्यासाठी ती खालची ओली माती वर आणते. एवढ्यासाठी ओल पुरते, झरा लागत नाही. शिवाय ती माती आणि मुरूम पोखरते, अखंड काळा पाषाण नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, खोल बोअरला पाणी लागतं ते खडकाच्या भेगांत आणि सांध्यांत. त्यांची वर्दी वारुळाला नसते. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर वारुळं भरपूर, तरी मे महिन्यात तिथल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. वारुळाजवळ लागलेल्या बोअरचे फोटो फिरतात, वारुळाजवळच कोरड्या गेलेल्या बोअरचा फोटो कोण टाकतो? पॉइंट काढायचाच तर आसपासच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी बघा आणि भूवैज्ञानिकाकडून विद्युत प्रतिरोध चाचणी (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखण्याची) करून घ्या.

खताचं थोडक्यात. वारुळाची माती चिकणी असते. हलक्या, वाळूसर रानात ती ओल धरायला मदत करते, काळ्या रानात टाकून फायदा नाही. शेणखताची जागा ती घेत नाही. घ्यायचीच तर मेलेल्या वारुळाची घ्या. काठीने माथ्यावर बोटभर भोक पाडा. जिवंत वारूळ असेल तर एक-दोन दिवसांत ते ओल्या मातीने बुजतं. हात मात्र घालू नका, रिकाम्या वारुळात नाग असू शकतो. आणि कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी येते, ती वाळवीनेच आत जोपासलेल्या बुरशीची. वारूळ फोडलं की तीही गेली.

‘औषध ओतून मारा.’ सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच, कारण वाळवी पाणी दाखवत नसली तरी मुरवते. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये ‘झाय’ नावाची शेतीची पद्धत आहे. पापुद्रा धरलेल्या कडक जमिनीत उन्हाळ्यातच 20 ते 40 सेंमी रुंद, 10 ते 20 सेंमी खोल खड्डे घेतात आणि प्रत्येकात शेणखत टाकतात. त्याच्या ओढीने वाळवी येते, तळातून बोगदे काढते, पहिल्या पावसाचं पाणी त्यातून खाली जातं आणि खड्ड्यातच ज्वारी-बाजरी पेरतात. तिथल्याच प्रयोगांत आच्छादन घातलेल्या काही वाफ्यांत कीटकनाशकाने वाळवी रोखून पाहिली, तर पापुद्रा फारसा सुटला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोरडवाहू गव्हाचं उत्पादन मुंग्या-वाळवी असलेल्या जागी 36 टक्के जास्त आलं. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

झाय सगळीकडे चालत नाही. साधारण 300 ते 800 मिमी पावसाच्या पट्ट्यात ती जमते. त्याहून जास्त पावसात खड्डे तुंबून मुळं सडतात, वाळूत खड्डे बुजतात. आपल्याकडे माणदेशातल्या मुरमाड माळावर करून बघण्यासारखी आहे, भारी काळ्या रानात नाही.

उसाच्या टिपऱ्यांना, भुईमुगाला वाळवी लागते, ते नुकसान खरंच आहे. तिथे कच्चं शेणखत टाकणं थांबवा, वाळकी धसकटं वेचा, लावणीआधी बेण्याला औषध लावा (बेणेप्रक्रिया). बांधावरचं वारूळ पिकाला लागून असेल आणि टिपऱ्या प्रत्यक्ष खाल्ल्या जात असतील, तरच त्याच्यावर औषध वापरा, आणि विहीर-बोअरच्या जवळ तर ओतूच नका.