निर्भीड डीएम व्हायचंय? या, बसा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा मिळून गोष्ट रचायचा खेळ (गोष्ट चालवणारा तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम; बाकीचे एकेक पात्र खेळतात) चालवायला वीस बाजूंचा फासा, तीन जाडजूड पुस्तकं आणि रिकामे रविवार पुरतात असं ज्यांना वाटतं, ते अजून कच्चे आहेत. लागतो तो निर्भीडपणा. गेल्या रविवारी आमच्या कोथरूडच्या घरी, आमच्याच सेंटर टेबलावर मला त्याचं साडेतीन तास प्रात्यक्षिक मिळालं. एवढं ज्ञान एकटीला पचेना, म्हणून वाटून टाकते.

पहिलं म्हणजे सेशन झिरो करू नका. कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बसवून 'कुणाला काय चालेल, काय नको' असं विचारायचं? घरी आलेल्या माणसाला आपण 'आज उपास नाही ना?' विचारतो, पण ते जेवणाचं झालं. कलेत काय वाढायचं ते वाढप्यानं ठरवावं.

एक्स-कार्डला तर टेबलाजवळ फिरकू देऊ नका. जॉन स्टाव्हरोपोलोस नावाच्या माणसानं काढलेली ही युक्ती. फुली मारलेलं एक कार्ड मध्ये ठेवायचं. कुणी त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, आणि कारण विचारायचं नाही. कारणच विचारायचं नाही तर आपण वाद कशावर घालायचा?

टेबलावर मुलगी एकच असेल तर उत्तम.

व्हिलन नीच आहे हे दाखवायचे शंभर मार्ग असतात. त्यातला एकच निवडा आणि दर वेळी तोच वापरा.

कुणी कुरकुरलंच तर 'मध्ययुगात असंच होतं' म्हणा. तुमच्या मध्ययुगात खानावळीच्या रश्श्यात बटाटा असतो, प्लेग नसतो, कुणाच्या डोक्यात उवा नसतात, आठवडाभर गटारातून फिरूनही एकाला जुलाब होत नाहीत. हरकत नाही. इतिहासाशी इमान फक्त बायकांच्या बाबतीत राखायचं असतं.

माफी मागू नका. 2015 साली ड्राइव्हथ्रूआरपीजी या ऑनलाइन दुकानात बलात्काऱ्यांच्या स्पर्धेवरचं एक पुस्तक विक्रीला आलं. लोक खवळले, पुस्तक गेलं आणि दुकानाला आक्षेपार्ह मजकुराचं धोरण ठरवावं लागलं. 2018 मध्ये व्हाइट वुल्फ या गेम कंपनीनं चेचन्यातला समलिंगी पुरुषांचा खराखुरा छळ व्हॅम्पायरांच्या कारस्थानाचा बनाव म्हणून छापला, मग माफी मागून तो भाग काढून टाकला. कच खाणारे लोक. तुमचं टेबल चार माणसांचं, तुम्हाला कोण विचारतंय!

आता मुख्य मंत्र: क्रिएटिव्ह फ्रीडम. हा मंत्र कसा म्हणायचा ते उदाहरणानं सांगते. माझं पात्र म्हणजे क्लेरिक (देवाच्या नावानं जादू करणारी), जातीनं ड्वार्फ, लेव्हल पाच. दीड वर्ष खेळतेय मी तिला. रविवारी तिला डाकूंनी पकडलं. ठीक आहे, पकडतात. मग डीएम महाशयांचा आवाज खाली आला, आणि डाकूंचा म्होरक्या तिच्याशी काय काय करतो याचं वर्णन सुरू झालं. मी म्हटलं, होल्ड पर्सन टाकते, म्हणजे माणसाला जागीच खिळवणारी, तोंडानं म्हणायची जादू. 'तोंड बांधलंय तुझं.' बरं, मग सुटता येतं का ते ठरवायला फासा टाकून रोल करते. 'रोलची गरज नाही.' गरज नाही? दीड वर्षं हा माणूस दार ढकलायलाही रोल मागत होता! बिजागरी कुरकुरते का, यावर रोल. घोडा पाणी पितो का, यावर रोल. आणि इथे माझ्या हातात फासा तसाच राहिला आणि हा पुढे बोलतच राहिला. मी 'थांब' म्हटलं. दोनदा म्हटलं. बाकीचे तिघे मोबाइलमध्ये शिरले होते (तुमच्याशीही बोलायचंय मला, पण नंतर).

वर भाषण. म्हणे 1980च्या दशकात अमेरिकेत या खेळाला सैतानी ठरवून लोकांनी रान उठवलं होतं, 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीला डीमनचे 'तनारी' आणि डेव्हिलचे 'बाटेझू' करावे लागले, आणि मी म्हणजे त्याच लोकांची औलाद. अरे, ते लोक खेळायला बसले नव्हते! ते बाहेरून बंदी मागत होते. मी तुझ्यासमोर बसले होते, फासा हातात धरून.

मग बोलण्यात तेंडुलकरांचं नाटक 'सखाराम बाइंडर' काढलं. ते निघणारच होतं. दिग्दर्शक कमलाकर सारंग सेन्सॉरविरुद्ध कोर्टात गेले, हे मलाही ठाऊक आहे. पण लालन सारंग यांच्या हातात संहिता होती की नाही? चंपा करायची हे त्यांनी ठरवलं होतं. मला कुठली संहिता दाखवली होतीस तू? आपण पाच जण मिळून ती गोष्ट रचत होतो ना? मग स्वातंत्र्य तेवढं तुझं आणि माझ्या कॅरेक्टरनं गुपचूप पडून राहायचं?

आणि कलेची एवढी चाड होती, तर आई साबुदाण्याची खिचडी घेऊन बाहेर आली तेव्हा काय झालं रे? वाक्य अर्ध्यावर तोडलंस. 'वा काकू, खिचडी एक नंबर!' म्हणालास. ती आत जाईपर्यंत पानं चाळत बसलास आणि ती गेल्यावर पुन्हा आवाज खाली घेऊन तिथूनच सुरू केलंस. म्हणजे कुठे थांबायचं ते तुला चांगलं कळतं. काकूंसमोर कळतं, माझ्यासमोर कळत नाही. निर्भीड म्हणे! भित्रा आहेस तू, आणि घाणेरडा आहेस.

पुढच्या रविवारी येऊ नकोस. तुझी डीएम स्क्रीन आणि फाशांची पिशवी खाली वॉचमनकडे ठेवलीय. सहाच्या आत ने, नंतर त्याची ड्यूटी बदलते.