धंदा वर्गात शिकवता येत नाही म्हणे!

पदवीचे निकाल लागले की एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर साधारण असा: धंदा रक्तात असावा लागतो, तो वर्गात शिकवता येत नाही. गेट्स आणि झुकरबर्गने कॉलेज सोडलं, धीरूभाई तर मॅट्रिक. धंद्यात तत्त्वं पाळाल तर उपाशी मराल. तेव्हा 'मूल्याधिष्ठित उद्योजकता' वगैरे अभ्यासक्रम बंद करा, पोरांना सरळ धंद्याला लावा, बेकारी आपोआप हटेल. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत प्राध्यापकही असतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी रक्ताचं बघू. आफ्रिकेतल्या टोगो देशात १५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट करून एक प्रयोग झाला. एका गटाला हिशेब, मार्केटिंग असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला पुढाकार कसा घ्यायचा, अडलं तर वाट कशी काढायची, याचा सराव दिला. तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले: दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्याचा ११ टक्के, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. म्हणजे पुढाकार शिकवता येतो. आणि आपली विद्यापीठं शिकवतात ते बहुतेक पहिल्या गटातलं, ही चपराक आपल्यालाही आहेच. आपल्याकडचंच उदाहरण हवं तर लोखंडी नांगर बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. कारखानदार होण्याआधी ते मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत यंत्रांचं ड्रॉइंग शिकवणारे मास्तर होते.

गेट्सने हार्वर्ड सोडलं, खरं आहे. पण मायक्रोसॉफ्टचं पहिलं उत्पादन, म्हणजे अल्टेअर कॉम्प्युटरसाठीची 'बेसिक' ही प्रोग्रॅमिंगची भाषा, त्याने आणि पॉल ॲलनने हार्वर्डच्याच कॉम्प्युटरवर तयार केली. फेसबुकचे पहिले गिऱ्हाईक हार्वर्डचे विद्यार्थी. पदवी सोडली, पण विद्यापीठ पुरेपूर वापरून. धीरूभाईंनी एडनला एका व्यापारी कंपनीत नोकरी करत धंद्याचे धडे घेतले. तीही शाळाच, फक्त फी नव्हती. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी सुरू करतानाचं सरासरी वय ४५ होतं, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता तत्त्वांचा मुद्दा, म्हणजे मेसेजचा खरा गाभा. 'मूल्यं' म्हटलं की आपल्याला सुविचाराचा फळा आठवतो. धंद्यात मूल्यं हिशेबाच्या वहीत दिसतात. कॉलेजच्या आनंद मेळाव्यातला कुठलाही खाद्यपदार्थांचा स्टॉल बघा. पोरं संध्याकाळी गल्ला मोजतात, बटाटे-बेसन-तेलाचा खर्च वजा करतात आणि 'एवढा नफा!' म्हणून नाचतात. सिलेंडर घरचा, जागा कॉलेजची, आणि आई पहाटेपासून सारण परतत होती तिची मजुरी शून्य. ती मजुरी लिहिली की बहुतेक स्टॉल तोट्यात जातात. घरच्या बाईचे श्रम फुकट धरायचे नाहीत, हे मूल्यही आहे आणि कॉस्टिंगही. दोन वेगळे तास घ्यायची गरज नाही.

उधारीचंही तेच. लहान उद्योग मरतो तो पुष्कळदा विक्री नाही म्हणून नव्हे, वसुली नाही म्हणून. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बीकॉम झालेल्या किती जणांना हे ठाऊक असतं? सहा-सहा महिने पैसे अडकवून ठेवणाऱ्या बड्या गिऱ्हाइकाला 'व्यवहारचतुर' म्हणायचं आणि मग तत्त्वाने धंदा होत नाही म्हणून उसासे टाकायचे, याला काय म्हणावं?

तत्त्वं पाळून धंदा किती मोठा होतो, ते स्पेनच्या बास्क प्रांतात दिसतं. मोंद्रागोन गावात होसे मारिया अरिझमेंदिअरिएता या पाद्र्याने १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली. तिथे घडलेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये सहकारी कारखाना सुरू केला, स्टोव्ह बनवायचा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगारात सुरुवातीला फरक फक्त तिप्पट. आज त्या सहकारी समूहात सुमारे ७० हजार माणसं काम करतात. क्रम लक्षात घ्या, आधी शाळा, मग कारखाना. २०१३ मध्ये समूहातली फागोर ही घरगुती उपकरणांची मोठी संस्था बुडाली. तत्त्वांनी ती वाचली नाही. पण तिथल्या अनेक सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. मोंद्रागोन विद्यापीठात आज एक पदवी अशी आहे की पहिल्या वर्षापासून मुलं गटाने स्वतःची कंपनी चालवतात. आपल्याकडे त्याच वयात पोरं काल्पनिक कंपनीचं पीपीटी सादर करून सर्टिफिकेट घेतात.

राहिलं 'बेकारी आपोआप हटेल'. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. निरक्षराला रिकामं बसणं परवडत नाही, हे त्याचं एक मोठं कारण. या पदवीधरांतले बहुतेक जण उद्योजक होणार नाहीत आणि व्हायचीही गरज नाही. शेतमजुराच्या पोराला शिल्लक पुंजीशिवाय 'धंद्याला लावणं' म्हणजे कर्जाला लावणं. विद्यापीठाने त्याला वर्षभर छोटं भांडवल द्यावं, खरा धंदा चालवू द्यावा आणि परीक्षेत त्याची वही तपासावी: मजुरी लिहिली का, देणी वेळेवर दिली का, तोटा लपवला का. धंदा बुडाला तर बुडू द्यावा, वही खरी असेल तर मार्क द्यावेत.