नरकासुराचा सांगाडा आणि अँगल धरणारा पोर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी झाली की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात वाड्यावाड्यावर दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याची तयारी सुरू होते. हल्ली मान आणि हात हलवणारा नरकासुर हवा असतो, म्हणजे लोखंडी अँगल आले, वेल्डिंग आलं. वेल्डरच्या हातात निदान काळ्या काचेची ढाल तरी असते. अँगल धरून उभा असतो तो आठवी-नववीतला पोर. त्याच्या डोळ्यांवर काहीच नसतं. मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

गेल्या वर्षी माझा भाचा असाच उभा होता. "मामा, रॉड टेकला की मी डोळे मिटतो ना!" म्हणाला. रात्री दोनला रडत उठला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय, पापण्या उघडेनात, पाणी थांबेना. कोणीतरी बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगितलं. सकाळी डॉक्टरांनी पिवळा थेंब घालून निळा उजेड मारला, तर बुबुळावर हिरव्या ठिपक्यांचा नुसता सडा.

वेल्डिंगच्या आर्कमधले, म्हणजे त्या डोळे दिपवणाऱ्या उजेडातले अतिनील किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजून काढतात. त्या वेळी काही कळत नाही, दुखणं सहा ते बारा तासांनी उठतं. पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातो, तोवर झळ बसलेली असते, आणि रात्रभरात अशा शेकडो झळा. आपोआप गडद होणाऱ्या हेल्मेटची काच सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून कमी वेळात काळी होते. चांगल्या हेल्मेटची काच गडद नसतानाही अतिनील किरण अडवते. साध्या काळ्या गॉगलवर भरवसा ठेवू नका, कडेने किरण आत शिरतातच. पांढऱ्या भिंतीवरून, पत्र्यावरून उलटून येतात ते वेगळेच.

भाच्याचा डोळा दोन दिवसांत बरा झाला. पण बधिर करणारे थेंब घरी पुन्हा पुन्हा घालू नका हं, जखम भरायची लांबते, असं डॉक्टरांनी बजावलं.

साउंडला हजारो रुपये मोजणाऱ्या मंडळांना दोन हेल्मेटं जड का व्हावीत? एक वेल्डरला, एक धरणाऱ्याला, आणि धरणारा मोठा माणूसच हवा. बघ्यांसाठी भोवती जाड ताडपत्री बांधा.

यंदा आमच्या वाड्यावर हेल्मेटांचे पैसे मी दिलेत. भाचा ताडपत्रीच्या अलीकडे बसून नरकासुराचे दात रंगवतोय.